कमानी, दरवाजे, युद्धस्मारकं: तुम्ही फोटो समोरून काढता की आतून?

उंबरठा · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

पंधराएक वर्षं भटकतोय. कुठंही गेलो की पहिला फोटो दरवाज्याचा असतो. किल्ल्याचा, मशिदीचा, चर्चचा, गल्लीतल्या बंद घराचा, कशाचाही. मागच्या महिन्यात सगळे एकत्र लावून बघत बसलो. सहाशेच्या वर निघाले आणि जवळपास सगळे एकाच जागेवरून काढल्यासारखे: बरोबर मध्यभागी उभं राहून, समोरून, कमान चौकटीत नीट बसवून. लागोपाठ बघत गेलं की दरवाजे दिसेनासे होतात आणि नुसत्या भिंती उरतात. त्यांना आत नाही, बाहेर नाही.

हे खुपायला लागलं ते बेल्जियममधल्या ईप्रहून परतल्यावर. तिथलं मेनिन गेट हे पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांचं स्मारक. वास्तुकार रेजिनाल्ड ब्लोमफील्ड, उद्घाटन १९२७ साली. ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही अशा ५४,०००हून जास्त जणांची नावं आतल्या भिंतींवर आहेत. त्यात आपल्याकडून गेलेले सैनिकही आहेत. एवढी मोठी वास्तू बांधूनही भिंत पुरली नाही. १६ ऑगस्ट १९१७ नंतर बेपत्ता झालेल्या, मुख्यतः ब्रिटिश, अशा सुमारे ३५,००० जणांची नावं टाइन कॉट दफनभूमीच्या भिंतीवर कोरावी लागली.

दुपारी गावाच्या बाजूने मी नेहमीचा फोटो काढून मोकळा झालो. संध्याकाळी ८ वाजता तिथली वाहतूक थांबवतात आणि बिगुलवाले 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. १९२८ साली सुरू झालेला हा शिरस्ता दुसऱ्या महायुद्धातली जर्मन ताब्याची वर्षं सोडली तर पुढं रोज चालू राहिला आहे. गर्दीत ढकलला जात मी आत भिंतीला टेकलो आणि तोंड आपोआप गावाबाहेर, पूर्वेकडे झालं. समोर कमानीची काळी कड आणि तिच्यातून दिसणारा तो रस्ता. सैनिक याच वाटेने आघाडीवर जायचे. तेव्हा कमान नव्हती, तटात एक खिंडार होतं आणि दोन्ही बाजूंना दोन दगडी सिंह. (ते सिंह आता कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत.) आजच्या कमानीवर गावाच्या बाजूला शवपेटी कोरली आहे आणि बाहेरच्या बाजूला आघाडीकडे तोंड करून बसलेला सिंह. म्हणजे बांधणाऱ्याने जाण्याची दिशा आणि न येण्याची दिशा वेगळ्या केल्यात आणि मी दुपारी फक्त एकच बाजू टिपून चहाच्या शोधात निघालो होतो.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली तांत्रिक: आतून बाहेर बघताना आतला अंधार आणि बाहेरचा उजेड दोन्ही कसे सांभाळता? दुसरी मला जास्त छळतेय. त्या संध्याकाळी माझ्या शेजारी एक वयस्कर बाई एका नावावर बोट ठेवून उभ्या होत्या. मी त्यांचा पाठमोरा फोटो काढला. चांगला आलाय. अजून कुणालाही दाखवलेला नाही. काढायला हवा होता का?

निळीवेळ · सोमवार, रात्री १०:०२

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, दुसऱ्यावर विचार करून.

बोगद्यासारख्या कमानीत उभे असाल तर मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) बाहेरच्या उजेडावर करा, आतल्या भिंतीवर नको. आकाश एकदा पांढरं पडलं की ते परत मिळत नाही, पण रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सावलीतून बरंच वर काढता येतं. फरक फारच असेल तर तिपाई लावून तीन फोटो घ्या, प्रत्येकात दोन स्टॉपचं अंतर ठेवून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि घरी जोडा.

मात्र जोडताना हात आखडता घ्या. आतला प्रत्येक दगड उजळून बाहेरच्या रस्त्याइतका केला की दरवाजा मेला. डोळ्याला तिथं अंधारच दिसला होता. मी आतल्या भिंतीवर फक्त कडेच्या दोनचार ओळी वाचता येतील एवढाच उजेड ठेवतो.

तिपाईचं आधी विचारून घ्या. संरक्षित वास्तूंमध्ये बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते. नसेल तर भिंतीला पाठ टेकवा, कोपरं छातीशी धरा, श्वास सोडून बटण दाबा. १/१५ सेकंदापर्यंत माझा हात टिकतो.

गारगोटी · मंगळवार, सकाळी ७:३५

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

मी इमारतींच्या कामातली, म्हणून उभ्या रेषांबद्दल लिहिते. कॅमेरा वर उचलला की कमान मागे कलल्यासारखी दिसते, दोन्ही खांब वर जाऊन एकमेकांकडे झुकतात. उपाय सगळ्यांना माहीत आहेत: मागे जा, कॅमेरा जमिनीला समांतर धरा, वर जागा सोडून नंतर खालचा भाग कापा, किंवा टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता वर सरकवता येणारी) वापरा. सॉफ्टवेअरमध्ये घसरपट्टी ओढूनही होतं, पण त्यात कमानीचा वरचा भाग ताणला जातो आणि वास्तू आहे त्याहून उंच दिसते.

आता एक गंमतीची नव्हे, फार मोलाची गोष्ट. लंडनच्या व्हाइटहॉलमधलं सेनोटॅफ, म्हणजे रिकामी समाधी, १९२० साली एडविन लट्यन्सने पोर्टलंड दगडात उभं केलं. दिसायला सरळसोट चौकोनी खांब. प्रत्यक्षात त्याच्यात एकही रेष सरळ नाही. उभ्या कडा किंचित आत झुकलेल्या आहेत आणि वर वाढवत नेल्या तर जमिनीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर एकत्र येतील. आडव्या कडा एका प्रचंड वर्तुळाचे तुकडे आहेत आणि त्या वर्तुळाचं केंद्र जमिनीखाली जवळजवळ तेवढ्याच खोलीवर आहे. ग्रीक मंदिरांच्या खांबांत हीच युक्ती असते. त्यामुळे तो दगड जिवंत वाटतो, का ते पटकन कळत नाही.

मी त्याचे फोटो घरी आणून इमानदारीने सगळ्या उभ्या कडा काटकोनात आणल्या होत्या. माहिती वाचल्यावर मूळ फाइल परत उघडली. तेव्हापासून नियम केलाय: सरळ करण्याआधी ती वास्तू सरळ आहे का ते बघायचं.

भटकभवानी · मंगळवार, दुपारी १:१५

मला कमानींपेक्षा घरांची दारं जास्त आवडतात, तर त्या बाजूने थोडं.

उंबरठा, तुम्ही म्हणताय ते एकच बाजू टिपणं मोरोक्कोतल्या फेझला मला चांगलंच नडलं. बाब बू जलूद हा जुन्या शहराचा निळ्या फरशांचा दरवाजा, १९१३ सालचा. सगळीकडे निळाच फोटो बघितलेला, मीही निळाच काढला. तिसऱ्या दिवशी जुन्या शहरातून बाहेर पडताना मान वर केली तर दरवाजा हिरवा! बाहेरून निळा, आतून हिरवा. तीन दिवस मी त्याच्याखालून जात होते. तेव्हापासून दरवाजा ओलांडला की दहा पावलांवर थांबून मागे वळून बघते.

दुसरं झांझिबारचं. स्टोन टाउनमध्ये कोरीव दारं शेकड्याने आहेत. आधी मी अख्खं दार घ्यायचे. मग तिथल्या एका वाटाड्याने सांगितलं की वरची पट्टी सपाट, आडवी असेल तर ओमानी धाटणी आणि वर अर्धगोल कमान असेल तर भारतातून आलेल्या व्यापाऱ्यांची. त्यानंतर मी दाराचा वरचा तिसरा हिस्सा वेगळा टिपायला लागले. पितळी अणकुचीदार खिळे, मधला कोरीव खांब, कडी, बिजागरी, सगळे वेगवेगळे. एका दाराचे पाच-सहा फोटो होतात आणि ते शेजारी ठेवले की दार वाचता येतं. हे खिळे हत्तींच्या धडका थोपवणाऱ्या दारांवरून आलेत असं सांगतात. झांझिबारात हत्तींचा धोका कुठला, पण खिळे राहिले.

आणि दिंडी विसरू नका! मोठ्या दरवाज्याच्या फळीतच असलेलं छोटं दार. माणूस खरा तिथून जातो. तिथला उंबरठा झिजलेला असतो, फळीची कड हात लागून गुळगुळीत झालेली असते. मी मोठ्या दरवाज्याचा फोटो दिंडी उघडी असेल तेव्हाच काढते.

अडसर · मंगळवार, रात्री ८:४०

काही दरवाजे समोरून काढताच येत नाहीत आणि ते मुद्दाम तसे बांधलेले असतात, हे इथं यायला हवं.

शिवकालीन किल्ल्यांवरची गोमुखी बांधणी घ्या. दोन बुरूज पुढे येतात, वाट त्यांच्यामध्ये वळण घेत शिरते आणि दरवाजा वळणाच्या पोटात दडलेला असतो. लांबून तो दिसू नये, तोफेला सरळ मारा मिळू नये, हत्तीला धडक द्यायला धाव घेता येऊ नये, यासाठी. रायगडाच्या महादरवाज्याशी उभे राहा, खालून येताना दरवाजा शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. अशा ठिकाणी वाइड लेन्स लावून दोन बुरूज आणि दरवाजा एकाच चौकटीत कोंबायचा खटाटोप मी बरीच वर्षं केला. बुरूज फुगलेले येतात आणि दरवाजा आगपेटीएवढा.

आता मी चालतो तसे फोटो काढतो. पहिल्यात फक्त बुरूज आणि वाट. दुसऱ्यात वळण. तिसऱ्यात कमानीची कड डोकावते. चौथ्यात दरवाजा. पाचवा आतून, देवडीत पहारेकरी बसायचा तिथं बसून, आणि त्या फोटोत येणारा प्रत्येक माणूस तुमच्या माऱ्यात असतो. तेव्हा कळतं दरवाजा कुणासाठी बांधला होता.

फत्तेपूर सिक्रीचा बुलंद दरवाजा नेमका याच्या उलट. अकबराने गुजरातच्या विजयाची खूण म्हणून उभा केलेला, पायऱ्यांसकट सुमारे ५४ मीटर उंच. तो लांबून दिसावा, खालून बघणाऱ्याने मान टाकावी, हाच हेतू. तिथं मात्र पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून कॅमेरा वर करा आणि रेषा झुकू द्या. गारगोटीताई रागावतील, पण तिथं ते झुकणं खरं आहे. दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे हिवाळ्यात दिवसभर दर्शनी बाजूवर ऊन मिळतं.

गारगोटी · मंगळवार, रात्री ९:०५

अजिबात रागावत नाही. तिथं मीही झुकू दिल्यात.

मावळतीकडे · बुधवार, सकाळी ११:२०

लट्यन्सचं नाव निघालंच आहे तर दिल्लीच्या इंडिया गेटबद्दल. तेही त्याचंच. पायाभरणी फेब्रुवारी १९२१, उद्घाटन फेब्रुवारी १९३१, उंची ४२ मीटर. ७०,०००हून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक, १३,०००हून अधिक नावं दगडावर. एवढा फोटो काढला जाणारा दरवाजा आणि त्यावर नावं आहेत हेच कित्येकांना माहीत नसतं, कारण कमानीखाली जाता येत नाही, लांबूनच बघायचं. मी ३०० मिलिमीटरची लेन्स लावून फक्त नावांच्या ओळी टिपल्या आहेत. घरी बघताना पहिल्यांदा ते स्मारक वाटलं, सहलीचं ठिकाण नाही.

वास्तू पूर्व-पश्चिम आहे. कर्तव्यपथाकडची बाजू संध्याकाळच्या उन्हात उजळते. पहाटे मात्र सूर्य छत्रीच्या बाजूने वर येतो आणि कमान काळी उमटते. छत्री कमानीच्या साधारण १५० मीटर मागे आहे. जवळून वाइड लेन्सने काढलीत तर ती कमानीत बोटभर दिसते. रस्त्याने खूप मागे जाऊन लांब पल्ल्याची लेन्स लावलीत तर तीच छत्री कमान भरून टाकते. आधी त्या छत्रीत पाचवा जॉर्ज होता, १९६८ साली हलवला, मग अनेक दशकं ती रिकामी होती, २०२२ पासून तिथं नेताजींचा पुतळा आहे. माझ्याकडे रिकाम्या छत्रीचा फोटो आहे, जपून ठेवलाय. दरवाज्यातून काय दिसतं ते काळाप्रमाणे बदलतं, म्हणून एकाच जागी परत परत जावं.

मागचं राष्ट्रीय युद्धस्मारक (२०१९) बघितलंय का? ते मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली ठेवलंय, इंडिया गेटचा देखावा अडू नये म्हणून. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी एकाभोवती एक चार चक्रं. त्यागचक्रातल्या भिंतींच्या ग्रॅनाइटच्या प्रत्येक विटेवर एक नाव. एकूण २५,०००हून जास्त. १९७२ पासून इंडिया गेटखाली असलेली अमर जवान ज्योत जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या ज्योतीत विलीन केली. तिथं समोरून असं काही नाहीच. गोल फिरत राहावं लागतं.

निळीवेळ · बुधवार, दुपारी ४:५०

उंबरठा, तुमच्या "समोरून नको"ला माझा एक विरोध नोंदवतो.

हिरोशिमाच्या शांतिउद्यानातलं केन्झो टांगेचं स्मारक, १९५२ सालचं. घोड्याच्या खोगिरासारखी कमान, आधी काँक्रीटची आणि १९८५ पासून ग्रॅनाइटची, तिच्याखाली मृतांच्या नावांच्या नोंदवह्या ठेवलेली दगडी पेटी. बरोबर मध्यावर उभे राहिलात की कमानीतून शांतिज्योत दिसते आणि तिच्यामागे नदीपलीकडचा उद्ध्वस्त घुमट. सगळा आराखडा त्या एका रेषेवर बेतलाय. दोन पावलं डावीकडे सरका, घुमट कमानीबाहेर जातो. तिथं प्रत्येकाचा फोटो सारखाच येतो आणि यायलाच हवा. बांधणाऱ्याने तुम्हाला उभं राहायची जागा दिलेली असताना ती नाकारून वेगळेपणा दाखवण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

मी तिथं रांगेत उभा राहिलो, माझ्या पाळीला फोटो काढला, नमस्कार केला, बाजूला झालो.

उंबरठा · बुधवार, रात्री ९:३०

मान्य. पूर्ण मान्य. माझं म्हणणं मी फार सपाट करून मांडलं होतं. दरवाज्यापाशी गेल्यावर आधी विचारायचं की याने मला कुठं उभं केलंय. मेनिन गेटने मला आत उभं केलं होतं, हिरोशिमा मध्यावर करतं, अडसरांची गोमुखी चालायला लावते.

लट्यन्सचंच फ्रान्समधलं तियेपव्हालचं स्मारक (१९३२, सॉमच्या लढाईतले बेपत्ता, ७२,०००हून जास्त नावं) तर एकाच जागी उभंच राहू देत नाही. सोळा जाडजूड खांब, त्यांच्यावर एकमेकांत शिरणाऱ्या कमानी, आणि खांबांच्या सगळ्या बाजूंना नावं. समोरून लाल विटांचा डोंगर. आत गेलं की जिकडं बघावं तिकडं कमानीतून कमान आणि शेवटी शेत. इंडिया गेटनंतर अवघ्या वर्षाने तेच हात हे करत होते. दिल्लीत एक कमान, इथं त्यांचं जाळं.

दुसऱ्या प्रश्नावर कुणीच लिहिलेलं नाही. टाळू नका, खरंच विचारतोय.

सावलीतली · गुरुवार, सकाळी ६:५५

मी लिहिते. एरवी इथं फक्त वाचते.

माझ्या मामेभावाचं नाव त्यागचक्रात आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मामी विटेवर हात ठेवून उभी होती, मी तिच्या मागे. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. त्याचं काही वाटलं नाही. लोक येतायत, बघतायत, हे बरं वाटलं. एका माणसाने मात्र हाताने खूण करून मामीला बाजूला व्हायला सांगितलं. त्याला भिंत मोकळी हवी होती. ते अजून बोचतं.

दुसरा एक मुलगा लांब उभा होता. मामी मागे वळेपर्यंत थांबला, मग जवळ येऊन म्हणाला, तुमचा पाठमोरा फोटो काढलाय, नको असेल तर आत्ता पुसतो, हवा असेल तर पाठवतो. मामीने नंबर दिला. तो फोटो आता घरात भिंतीवर आहे, कारण त्या दिवशी आमच्यापैकी कुणी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता.

तेव्हा उंबरठा, फोटो काढलात यात मला वावगं वाटत नाही. त्या बाईंना तो मिळाला नाही, एवढंच चुकलं.

उंबरठा · गुरुवार, सकाळी ८:२०

ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी दाखवावा की न दाखवावा एवढ्यातच अडकलो होतो. आता त्यांना शोधणं शक्य नाही. फोटो तसाच राहील, कुठं टाकणार नाही. पुढच्या वेळी विचारेन.

भटकभवानी · गुरुवार, सकाळी १०:१०

सावलीतली, वाचून थोडा वेळ तशीच बसले.

वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाशी मला असाच धडा मिळाला, दगडाकडूनच. माया लिनने तो आराखडा दिला तेव्हा ती २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. १९८२ साली स्मारक खुलं झालं. काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, प्रत्येकी सुमारे ७५ मीटर लांब, जमिनीत शिरत जाणाऱ्या. ५८,०००हून जास्त नावं, हुद्द्याप्रमाणे किंवा वर्णक्रमाने न लावता मृत्यूच्या क्रमाने. तो ग्रॅनाइट आपल्या बंगळूरकडून गेलेला आहे.

दगड आरशासारखा घोटलेला. मी पोलरायझर लावून गेले, म्हणजे प्रतिबिंब जाऊन नावं स्वच्छ येतील. अगदी समोरून त्याचा काही उपयोग होत नाही. भिंतीला काटकोनात जी रेषा जाते तिच्यापासून साधारण ५५ अंश तिरकं उभं राहिलं की तो सगळ्यात जास्त काम करतो. तसे काढले, नावं लख्ख आली. रात्री बघितले तर नुसत्या याद्या. सकाळी परत गेले, फिल्टर काढला. नावांवर झाडं, ढग, समोर उभ्या माणसांचे चेहरे, आणि मीसुद्धा. तिने दगड घोटून घेतला तो याचसाठी. मी आदल्या दिवशी तेच पुसत बसले होते.

फोकस अक्षरांवर धरा. ऑटोफोकस प्रतिबिंबावर जातो आणि नावं हलतात.

वीरगळवेडा · गुरुवार, रात्री १०:४५

एवढी चर्चा झाली आणि वीरगळ कुणीच काढले नाहीत! महाराष्ट्र आणि कर्नाटकभर विखुरलेली ही आपली सगळ्यात जुनी युद्धस्मारकं.

ठरलेली मांडणी खालून वर वाचायची. सगळ्यात खाली वीर लढताना किंवा पडलेला. मधे अप्सरा त्याला वर नेतायत. त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर कलश आणि सूर्यचंद्र, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. बहुतेकांवर नाव नसतं. बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ बघा, त्यांच्यावर नौकायुद्ध कोरलंय, वल्ही मारणाऱ्यांच्या रांगांसकट.

फोटोचं तंत्र एकच: उजेड आडवा हवा. भर दुपारी किंवा समोरून फ्लॅश मारून काढलात तर झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळ-संध्याकाळचं ऊन दगडाला घासून जात असेल तेव्हा थांबा. ते मिळालं नाही तर सावलीत कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि साधी विजेरी दगडाच्या बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक वरून. डोळ्याला न दिसलेला घोडा एकात निघतो, तलवार दुसऱ्यात. मी एका दगडाला अर्धा तास देतो. शिलालेखाला, मेनिन गेटच्या नावांना, सगळ्याला हेच लागू.

एक हात जोडून विनंती. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासू नका, पीठ चोळू नका, तारेच्या घासणीने शेवाळ काढू नका. सातशे-आठशे वर्षं टिकलेली कड एका घासणीत जाते. मी गेलेली बघितली आहे.

कुदळफावडं · शुक्रवार, दुपारी १२:३०

धागा दोन दिवस वाचतोय. एक विनंती आहे, जमलं तर.

आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात होते. १९१४ साली फ्रान्सला गेले ते आले नाहीत. घरी एवढंच सांगतात. त्यांच्या तिसऱ्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह-शापेलच्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर होत्या, हे मी वाचून काढलंय. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव सापडलं. नव्ह-शापेलच्या भारतीय स्मारकावर आहे, पॅनेलचा नंबरही आहे. आमच्यापैकी कुणी तिकडं जाईल असं वाटत नाही. इथलं कुणी त्या बाजूला गेलं तर त्या नावाचा फोटो मिळेल का?

उंबरठा · शुक्रवार, दुपारी १२:५५

मी काढेन. पुढच्या महिन्यात कामासाठी परत बेल्जियमला आहे, तिथून गाडीने फार लांब नाही. नाव आणि पॅनेल व्यक्तिगत निरोपाने कळवा.

मावळतीकडे · शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

उंबरठा, जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा. ते स्मारक हर्बर्ट बेकरचं, ऑक्टोबर १९२७ मध्ये खुलं झालेलं, ४,७००हून अधिक नावं. आखणी गोल आहे. सांचीसारख्या स्तूपांभोवती जसा दगडी कठडा असतो तसा अर्धा भाग जाळीदार आणि अर्धा भाग भरीव, नावं भरीव भागावर. मध्ये जवळजवळ १५ मीटरचा स्तंभ, अशोकस्तंभांवरून घेतलेला, वर कमळ, दोन बाजूंना वाघ. गब्बरसिंग नेगींचं नावही तिथंच आहे, मार्च १९१५ च्या लढाईत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले.

भिंत वळणारी असल्यामुळे ऊन सगळ्या पॅनेलना एकाच वेळी आडवं लागत नाही. प्रत्येकाची वेळ वेगळी. आधी पॅनेल शोधा, मग घड्याळ बघा आणि थांबा.

वीरगळवेडा · शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

आणि विजेरी न्या!

उंबरठा · (पाच आठवड्यांनी) रविवार, रात्री ११:०५

आज जाऊन आलो. सविस्तर नंतर, आधी कुदळफावडं यांच्यासाठी.

दिवसभर ढग होते, ऊन आडवं काय, उभंही पडलं नाही. साडेतीन तास थांबलो. तेवढ्यात पूर्ण स्मारकात माझ्याशिवाय दोनच माणसं आली. शेवटी विजेरी काढली. भिंतीला टेकवून डावीकडून धरली आणि नाव एकदम वर आलं. एफ ८, १/४ सेकंद, कॅमेरा पिशवीवर टेकवलेला. प्रकाशचित्र (प्रचि) १ नावाचं, प्रचि २ पूर्ण पॅनेलचं. प्रचि ३ जाळीच्या बाजूने आतून बाहेर, तिथून रस्ता आणि पलीकडची सपाट शेतं दिसतात. प्रचि ३ तुम्ही मागितलं नव्हतं, पण ते जिकडून आले असतील आणि जिकडं गेले असतील ते सगळं त्यात आहे असं वाटलं.

नावाचं इंग्रजी स्पेलिंग तुम्ही दिलेल्यापेक्षा एका अक्षराने वेगळं आहे. सेवा क्रमांक मात्र जुळतो, दोनदा तपासला. तिन्ही मूळ फाइली ईमेलवर पाठवल्या आहेत.

कुदळफावडं · सोमवार, सकाळी ६:१०

मिळाल्या. पहाटेच घरात सगळ्यांना उठवून दाखवल्या. स्पेलिंग कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं असणार, आम्ही घरी तसंच उच्चारतो.

प्रचि २ मोठं करून बघतोय. त्यांच्या वर सहा आणि खाली नऊ नावं स्पष्ट वाचता येतात, पुढची पुसट आहेत. त्या पॅनेलचा खालचा भाग विजेरीच्या उजेडात घेतलेला दुसरा फोटो असेल तर पाठवाल का? ते कुणाबरोबर होते ते लिहून काढायचंय.